लिंगसांसर्गिक रोगांची सूचना

उपदंश (गरमी), परमा, एचआयव्ही संसर्ग इ. मुख्यत्वे लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांचा रुग्ण आढळल्यास ती माहिती आरोग्याधिकाऱ्यास कळविण्याचे डॉक्टर, रुग्णालय वा प्रयोगशाळा यांवर कायद्याने घातलेले बंधन. रोगाचा प्रसार किती व कोठे होत आहे हे समजणे, रुग्णाच्या सहवासात आलेल्या व्यक्तींना वेळीच उपचार मिळणे आणि गरोदर स्त्रीकडून गर्भाला होणारा उपदंशाचा संसर्ग टाळणे, हे अशा सूचनेचे प्रमुख हेतू होत.

पटकीसारख्या रोगात रुग्णाला वैद्यकीय मदत घेणे भागच पडते. उपदंशाचा पहिला व्रण मात्र बहुधा वेदनारहित असतो आणि उपचारावाचूनही भरून येतो. रोग शरीरात टिकून राहतो. त्यामुळे रुग्णास तो लपविणे शक्य असते. आपले नाव सरकारदरबारी जाईल अशी धास्ती वाटल्यास तो दवाखान्यात येण्याचेच टाळतो किंवा वैदूकडे वळतो. म्हणून समाजाला हवी असलेली माहिती आणि रुग्णाला हवी असलेली गुप्तता यांचा मेळ घालणे, हा या कायद्यांपुढील मध्यवर्ती प्रश्न आहे.

इतिहास : ब्रिटनमध्ये १८६४, १८६६ व १८६९ च्या कायद्यांनी लष्करी ठाणी व बंदरे येथील वेश्या समजल्या जाणाऱ्या स्त्रियांची सक्तीने तपासणी करण्याचा आणि रोगी स्त्रीस रुग्णालयात डांबून ठेवण्याचा अधिकार शासनास मिळाला. पुरुषांवर असे बंधन नव्हते. जोसेफीन बटलर व त्यांचे सहकारी यांच्या चळवळीमुळे हे कायदे १८८६ मध्ये रद्द झाले. याच धर्तीवर हिंदुस्थानात १८६८ मध्ये केलेला कायदा १८८८ मध्ये रद्द करण्यात आला. हे सूचनेचे कायदे नव्हते. तथापि आरोग्याच्या नावाखाली होणाऱ्या सक्तीविषयी त्यांनी जो अविश्वास निर्माण केला, त्याची छाया पुढील विचारावर पडली. ब्रिटिश रॉयल कमिशनने (१९१३–१६) सक्तीच्या सूचनेची शिफारस केली नाही. मोफत व गुप्त उपचारांवर भर दिला. त्यानुसार १९१६ मध्ये नियम झाले आणि १९१७ च्या कायद्याने अनधिकृत व्यक्तींनी या रोगांवर उपचार करण्यास प्रतिबंध करण्यात आला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, दोन रुग्णांनी संसर्गाचे मूळ म्हणून नाव घेतलेल्या व्यक्तीस तपासणीची सक्ती करणारा तात्पुरता नियम मात्र आला होता.

स्वीडनने १९१८ च्या कायद्याने मधला मार्ग स्वीकारला. डॉक्टरने रुग्णाची नोंद नावावाचून पाठवावयाची आणि उपचार मोफत करावयाचे. रुग्णाने उपचार सोडले वा सूचना पाळल्या नाहीत, तरच त्याचे नाव अधिकाऱ्यास कळवावयाचे, अशी ही योजना होती.

आजची पद्धती : स्वीडनमध्ये एचआयव्ही, उपदंश, परमा व क्लॅमिडिया यांची नोंद जन्मवर्ष आणि व्यक्तिक्रमांकाचे शेवटचे चार अंक अशा सांकेतिक खुणेने होते. जर्मनीत २००१ पासून एचआयव्ही व उपदंश यांची माहिती प्रयोगशाळा नाव न देता रॉबर्ट कॉख संस्थेस कळवितात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सूचनेचे बंधन राज्यांच्या कायद्यांनी येते. राज्याच्या आरोग्य खात्याकडे रुग्णाचे नाव जाते व त्याआधारे सहवासितांचा शोध घेता येतो. मध्यवर्ती यंत्रणेस मात्र नावे वगळून आकडेवारी पाठविली जाते.

भारत : गोव्याच्या सार्वजनिक आरोग्यविषयक कायद्यात एचआयव्हीबाधितास अलग ठेवण्याची तरतूद होती. रक्तदानानंतरच्या तपासणीत संसर्ग आढळलेल्या डॉमिनिक डिसूझा यांना तिच्या आधारे १९८९ मध्ये ६४ दिवस स्थानबद्ध करण्यात आले. तपासणीचा निष्कर्ष अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचला की उपचाराऐवजी बंदिवास वाट्याला येऊ शकतो, हे या घटनेने दाखविले. मुंबई उच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरविली. तथापि पुढे देशातील धोरणाची दिशा बदलली. १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आलेल्या २०१७ च्या केंद्रीय कायद्यानुसार एचआयव्हीविषयक माहिती संबंधित व्यक्तीच्या संमतीवाचून उघड करता येत नाही. न्यायालयाचा आदेश, उपचारासाठी आवश्यक देवाणघेवाण, व्यक्ती ओळखता येणार नाही अशी सांख्यिकी इ. मोजके अपवाद त्यात आहेत. जोडीदारास माहिती देण्याचा अधिकारही विहित अटींवर केवळ डॉक्टर वा समुपदेशक यांनाच आहे.

मर्यादा : कायदा कितीही कडक असला, तरी जो रुग्ण तपासणीस येत नाही त्याची नोंद होऊ शकत नाही. तसेच तपासण्या वाढल्या की नोंदलेले रुग्ण वाढतात. त्यामुळे आकड्यांतील वाढ ही नेहमीच रोगाची वाढ नसते. सूचनेचे बंधन परिणामकारक ठरण्यासाठी सुलभ उपचार आणि गुप्ततेची खात्री यांची जोड आवश्यक असते.