औषध देणे आणि औषध सांगणे

दिवाळीच्या अंकात मधुमेहाचे नाव काढणे म्हणजे फराळाच्या ताटाशेजारी कडुनिंबाचा पाला ठेवण्यासारखे आहे, हे मी जाणतो. पण वाचकहो, या दिवसांत एखाद्याचे ताट करंजीवाचून वाढले जात नाही असे घर आपल्या ओळखीत किती आहेत? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणे देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. डॉक्टरांची भेट व्हायची ती दोन-तीन महिन्यांतून काही मिनिटे. औषधाच्या दुकानाची पायरी मात्र दर महिन्याला चढावी लागते. तेव्हा काउंटरमागच्या माणसाला नुसते औषध देता येऊन भागत नाही, ते सांगताही आले पाहिजे.

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर ३ मध्ये माझे असे एक दुकान आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांसाठी कल्याणजवळच्या लष्करी छावणीतून १९४९ साली हे शहर उभे राहिले. लष्कर गेले, पण ‘कॅम्प’ हा शब्द येथेच वस्तीला राहिला. माझ्याकडे डी. फार्म.चे विद्यार्थी उमेदवारीला येतात. नियमाप्रमाणे त्यांना किमान तीन महिने मिळून पाचशे तास काम करावे लागते. त्यांतले निदान अडीचशे तास प्रत्यक्ष चिठ्ठ्यांवरची औषधे देण्यात जावेत असा दंडक आहे.

मुले हुशार असतात. बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ साली टोरॉन्टोत इन्सुलिन शोधले, हे त्यांना पाठ असते. पण समोरच्या आजीबाईंना ते फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये, हे पटवून देताना त्यांची जीभ अडखळते. म्हणून मी त्यांना पहिल्या आठवड्यात प्रश्न विचारायलाच शिकवितो. गोळी जेवणाआधी घेता की नंतर? पायाला जखम आहे का? एकादशी किंवा चालीहो धरला आहे का? चालीहो म्हणजे सिंधी लोकांचे झुलेलालचे चाळीस दिवसांचे व्रत. काही गोळ्या घेऊन पोट रिकामे ठेवले तर साखर एकाएकी उतरते, घाम फुटतो, हातपाय कापतात. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे.

गेल्या वर्षीची गोष्ट. अंबरनाथहून येणारी एक मुलगी काउंटरवर होती. एक वृद्ध सिंधी बाई सुनेबरोबर इन्सुलिन न्यायला आल्या. सून वैतागून म्हणाली, “अम्मा चोरून मिठाई खातात. डॉक्टरांनी सांगितलेले इंजेक्शन चालू आहे, तरी साखर उतरत नाही.” अम्मा खाली मान घालून उभ्या. मुलीने हळूच विचारले, “अम्मा, सुई कशी भरता ते मला दाखवाल?”

अम्मांनी पिशवीतून सिरिंज काढली. तिचे टोपण नारिंगी होते!

यातली मेख अशी. आपल्याकडची इन्सुलिनची नेहमीची बाटली एका मिलिलिटरला ४० युनिटची असते आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या औषधासाठी. अम्मा तिच्यावरच्या वीसच्या खुणेपर्यंत औषध भरीत. पोटात जात ते फक्त आठ युनिट. सिरिंज दुसऱ्या एका दुकानातून आलेली. देणाऱ्याने पाहिले नाही, घेणाऱ्याला कळले नाही आणि दोष आला मिठाईवर.

मुलगी लगेच लाल टोपणाची सिरिंज देऊ लागली. मी तिला थांबविले. आठाचे एकदम वीस झाले म्हणजे मात्रा अडीचपट. ती आपण ठरवायची नसते. आधी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितले तसे केले. अम्मा जाताना मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सुनेला म्हणाल्या, “ऐकलेस ना? मी चोर नव्हते.”

अमेरिकेतील अ‍ॅशव्हिल शहराने १९९६ साली शिकवून तयार केलेल्या फार्मासिस्टांना मधुमेही कर्मचाऱ्यांशी नियमित बोलायला बसविले आणि त्यांची साखर आटोक्यात येऊ लागली. आपल्याकडेही २०१५ च्या नियमांनी रुग्णाला समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य ठरविले आहे. पण कायद्याने कर्तव्य ठरते, सवय लागत नाही. सवय लागते ती उमेदवारीच्या त्या पाचशे तासांत, आणि गिऱ्हाइकांनी विचारले तर.

म्हणून एवढेच सांगणे : भाऊबीज आटोपली की घरातल्या मधुमेही माणसाच्या औषधांची पिशवी घेऊन दुकानात जा. गर्दी नसेल अशी वेळ पाहा, आणि काउंटरवरच्या त्या बुजऱ्या मुलाला वा मुलीला म्हणा, “जरा समजावून सांगता का?” घाई करू नका. त्यांचेही शिक्षण त्यातूनच पुरे व्हायचे आहे.