कात्री, खळ आणि आजीचें आत्मचरित्र

आत्मचरित्र म्हटलें कीं मुत्सद्दी, पंडित, पुढारी अशीं माणसें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. स्त्रियांचीं आत्मचरित्रें आपल्या भाषेंत त्या मानानें उशिरांच आलीं. रमाबाई रानडे यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक १९१० सालीं प्रसिद्ध झालें, आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ सालीं. दोघीहि लग्न होऊन सासरीं आल्यावर लिहावाचावयास शिकल्या, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्यांच्या लेखणीचें मोल अधिकच वाटतें. परंतु त्यांच्या काळच्या ज्या सहस्रावधि स्त्रिया चूल, पाळणा आणि सोंवळेंओंवळें यांत आयुष्य वेंचून गेल्या, त्यांनीं काय सांगितलें असतें? तें त्यांच्याबरोबरच गेलें. आजहि घरांतील वृद्ध स्त्रीपुढें कोरा कागद ठेवून ‘आठवणी लिहा’ म्हटलें, तर ‘माझ्यासारखीनें काय लिहायचें?’ एवढेंच उत्तर मिळतें. अशा माणसांसाठीं एक सोपी वाट आहे. तिची वाचकांस ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु.

ही वाट म्हणजे कोलाज. शाळेंतील मुलें ज्यास चिकटकाम म्हणतात, त्याचेंच हें प्रौढ रूप. ‘चिकटविणें’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हा शब्द आला. १९१२ सालीं पिकासोनें वेताच्या विणीचा छाप असलेलें मेणकापड आपल्या चित्रावर चिकटविलें. त्याच वर्षीं ब्राक यानें भिंतीस लावावयाच्या कागदाचे तुकडे आपल्या चित्रांत वापरले. तेव्हांपासून चित्रकारांच्या जगांत या प्रकारास प्रतिष्ठा मिळाली. परंतु प्रतिष्ठा नवी असली तरी कला जुनीच. इंग्लंडांत मेरी डेलनी नांवाच्या विधवा बाईनें वयाच्या ७२ व्या वर्षीं रंगीत कागद कातरून फुलांचीं चित्रें करावयास आरंभ केला, आणि दृष्टि मंदावेपर्यंतच्या सुमारें १० वर्षांत जवळजवळ १,००० चित्रें पुरीं केलीं. तीं आज ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत. ‘आतां या वयांत काय व्हावयाचें?’ असें म्हणणाऱ्यांनीं या बाईकडे पाहावें.

आपण तर ही कला पिढ्यान्पिढ्या अंगावर पांघरीत आलों आहों. संस्कृतांतील ‘कन्था’ काय किंवा आपल्या घरांतील गोधडी काय, जुन्या वस्त्रांच्या तुकड्यांची ती जोडणीच होय. आजीचें लुगडें, आजोबांचें धोतर, लेकीचा परकर, बाळाचें अंगडें हीं सारीं तिच्यांत शेजारीं शेजारीं येऊन बसतात. नातीनें एखाद्या ठिगळावर बोट ठेवून ‘हें कोणाचें?’ असें विचारावें आणि आजीनें त्यावरून एक लग्न, एक बाळंतपण किंवा एक मरण सांगावें, हें कोणत्या घरांत घडलें नाहीं? दुपारच्या वेळीं ओसरीवर चौघीजणी गोधडीभोंवतीं बसत. सुई चाले तशी जीभहि चाले. आजच्या कार्यशाळेचें मूळ तेथेंच आहे, असें आम्हांस वाटतें.

हेंच काम जाणून बुजून केलें म्हणजे त्यास किती बळ येतें, याचीं दोन उदाहरणें देतों. बिहारमध्यें मुजफ्फरपूर जिल्ह्यांत भुसुरा नांवाचें गांव आहे. तेथें नवजात बालकासाठीं जुन्या साड्यांची ‘सुजनी’ शिवण्याची चाल होती. १९८८ च्या सुमारास तिचें पुनरुज्जीवन झालें, आणि त्या सुजनींवर फुलापानांबरोबर बायकांचें स्वतःचें जिणें उमटूं लागलें: हुंडा, मुलीच्या जन्माचा अव्हेर, घराबाहेर पडण्याची धडपड. दुसरें उदाहरण दूरच्या चिली देशाचें. १९७३ सालीं तेथें लष्करानें सत्ता बळकावली आणि असंख्य माणसें नाहींशीं झालीं. त्यांच्या आया, बहिणी व पत्नी चर्चच्या आश्रयानें एकत्र जमूं लागल्या, आणि तरटावर चिंध्यांचे तुकडे शिवून आपली हकीकत सांगूं लागल्या. कांहींनीं तर हरवलेल्या माणसाच्या सदऱ्याचाच तुकडा त्यांत शिवला. वर्तमानपत्रांचीं तोंडें बंद होतीं. पण तीं तरटें परदेशीं पोंचलीं आणि बोललीं.

आतां आपल्या भंडारा जिल्ह्याकडे वळूं. पवनी येथें १९६९-७० सालीं उत्खनन झालें, तेव्हां प्राचीन स्तूपाचे अवशेष मिळाले. त्याच्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपींत दान देणाऱ्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. ज्यानें एक दगड दिला, त्याचें नांव दोन हजार वर्षें टिकलें! त्याच पवनी तालुक्यांत वैनगंगेवर गोसेखुर्दचें धरण झालें. २२ एप्रिल १९८८ रोजीं त्याची पायाभरणी झाली. त्या पाण्याखालीं भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतील कित्येक गांवें गेलीं. शेतांना पाणी मिळालें पाहिजे, याविषयीं वाद नाहीं. परंतु ज्या बाईची विहीर, पार आणि माहेरची वाट पाण्याखालीं गेली, तिच्याजवळ आतां काय उरलें? एखादा सातबारा, घरपट्टीची पावती, मोबदल्याची नोटीस, लग्नपत्रिका, शाळेचा दाखला, आणि मोहाडीकडच्या कोशाच्या लुगड्याचा जीर्ण पदर. हे तुकडे शेजारीं शेजारीं ठेवले तर एक सबंध गांव उभें राहील. ते रद्दींत गेले तर तें गांव दुसऱ्यांदां बुडेल.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या ओसरीवर आम्हीं असा एक लहानसा प्रयोग केला. घरचीं व शेजारचीं मिळून ९ माणसें बसलीं होतीं. आमच्या नात्यांतील एक वृद्ध काकू बराच वेळ नुसत्या पाहत होत्या. मग त्यांनीं तांदळाच्या पोत्यावरील छापील भाताच्या लोंब्या कातरून कागदाच्या कडेनें लावल्या, पोस्टकार्डाचा एक तुकडा लावला, एक जुनें बसचें तिकीट लावलें. मधली जागा मोकळी ठेवली. शेवटीं नातीजवळची लेखणी मागून घेऊन तेथें एक नांव लिहिलें. तें त्यांचें माहेरचें नांव होतें. लग्नांत ताटांतील तांदळांवर नवें नांव लिहिलें गेलें, त्या दिवसापासून जुन्या नांवानें हांक मारणारें सासरीं कोणीच नव्हतें. त्यांचे दोन्ही मुलगे तेथेंच बसले होते; दोघांनाहि तें नांव ठाऊक नव्हतें. कोणी बोलेना. मग धाकट्यानें हळूच तें नांव वाचलें, आणि काकू म्हणाल्या, ‘‘पुन्हां म्हण.’’ साठ वर्षांचा संसार आपण ज्यांच्यासह केला, त्यांच्याविषयीं आपल्याला किती थोडें ठाऊक असतें!

ज्यांना आपल्या घरीं किंवा आळींत असा उपक्रम करावयाचा असेल, त्यांच्यासाठीं चार गोष्टी सांगतों. मूळ दस्तऐवज आणि जुने फोटो कधींहि कापूं नयेत. त्यांची छायाप्रत काढून ती वापरावी. पिठाच्या खळीस कीड लागते, म्हणून टिकावयाचें काम पांढऱ्या डिंकानें करावें. वर्तमानपत्राचा कागद लवकर पिवळा पडतो, हेंहि लक्षांत ठेवावें. प्रथम सारे तुकडे नुसते मांडावे, हलवावे, पुन्हां मांडावे, आणि मन भरल्यावरच चिकटवावे. काय शेजारीं यावें आणि काय गाळावें, हें ठरवितांनाच माणूस आपलें आयुष्य नव्यानें पाहतो. खरें सांगणें तेंच. पाठीमागें नांव, तारीख आणि तुकड्यांची माहिती लिहून ठेवावी. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे ऐकणारानें घाई करूं नये. ‘याचा अर्थ काय?’ असें खोदून न विचारतां ‘हें कोठलें?’ एवढेंच विचारावें. ज्याचें चित्र, त्याच्या संमतीवांचून तें भिंतीवर लावूं नये.

‘घरचीं दुःखें चारचौघांत कशाला?’ अशी शंका वडीलधारीं माणसें काढतात. ती अगदींच अनाठायीं नाहीं. मर्यादा हा आपल्या कुटुंबसंस्थेचा आधार आहे. पण मर्यादा वेगळी आणि विस्मृति वेगळी. ज्या घरांत वडिलांच्या पणजोबांपर्यंतचीं नांवें श्राद्धाच्या दिवशीं गोत्रासह उच्चारलीं जातात, त्याच घरांत आईचें माहेरचें नांव कोणास सांगतां येऊं नये, हें कांहीं कुलाचाराचें लक्षण नव्हे.

दिवाळीपूर्वी माळा झाडतांना जुन्या पेटींत जे कागद, चिठ्ठ्या, पावत्या आणि चिंध्या निघतात, त्या रद्दीवाल्याकडे जाण्यापूर्वी एक दुपार घरांतील वडील स्त्रीपुढें मांडाव्या. शेजारीं कात्री ठेवावी आणि आपण जवळ बसावें. बाकीचें काम तिचें तिला येतें.