पहिली मोठी मोटारसायकल आणि तीही जुनी!

रविवारी सकाळी सातलाच ताईचा फोन आला. "तुझ्या भाच्यानं बुलेटचा हट्ट धरलाय. तीही कुणीतरी वापरलेली. तूच सांग त्याला काहीतरी!"

मी काय सांगणार? चोविसाव्या वर्षी मीही हाच हट्ट धरला होता. पण ताईची भीती खोटी नव्हती. भावोजींचा पाय एकदा गाडीवरूनच मोडला होता आणि ते तीन महिने अंथरुणात होते. मुलाच्या खात्यात नोकरीची दोन वर्षांची बचत होती, नवी गाडी तेवढ्यात बसत नव्हती. संध्याकाळी भाचा घरी आला तेव्हा मी त्याला एकच अट घातली. "गाडी बघायला मी येईन. पण 'आता घरी जाऊ' असं मी म्हटलं की त्या क्षणी निघायचं."

त्याने मान डोलावली. पुढचे तीन रविवार आम्ही गाड्या पाहण्यात घालवले. त्यातून जे हाती लागले, ते अशाच विचारात असलेल्या घरांना उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

मोठी म्हणजे किती मोठी?

आपल्या देशात गिअरच्या मोटारसायकलचा परवाना एकच. शंभर सीसीच्या गाडीवर चाचणी दिलेला मुलगा दुसऱ्या दिवशी साडेसहाशे सीसीची गाडी रस्त्यावर आणू शकतो. कायदा त्याला अडवत नाही आणि कोणी शिकवतही नाही. म्हणजे हा विचार घरानेच करायला हवा.

भाचा इतकी वर्षे भावोजींची स्प्लेंडर चालवत होता. तिचे वजन एकशे दहा किलोच्या आसपास. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० साधारण एकशे नव्वद ते पंचाण्णव किलोची. चालत्या गाडीत हा फरक जाणवत नाही. तो जाणवतो सिग्नलला, चढावर थांबताना, वाळूवर पाय टेकताना. म्हणून गाडी पाहायला गेल्यावर आधी ती चालू करू नका. बसून दोन्ही पावले जमिनीला नीट टेकतात का ते पाहा. मग उतरून इंजिन बंद ठेवून ती वीस पावले ढकला, मागे घ्या, मेन स्टँडवर चढवा. इथेच घाम फुटला, तर ती गाडी आपल्यासाठी नाही.

नुसत्या सीसीवर जाऊ नका. २०१३ साली भारतात आलेली, चाकणला तयार होणारी केटीएम ड्यूक ३९० तेव्हा ३७३ सीसीची होती. आकड्यात ती साडेतीनशेच्या क्लासिकच्या शेजारीच बसते, पण ताकद क्लासिकच्या दुपटीहून जास्त. एक गाडी शांतपणे ओढते, दुसरी मूठ जराशी पिळताच झेप घेते. पहिल्या मोठ्या गाडीसाठी मी शांत स्वभावाची निवडेन.

सालाला महत्त्व आहे

जुन्या गाडीत मॉडेल कोणत्या सालचे हे रंगापेक्षा महत्त्वाचे. बुलेटचे उदाहरण घ्या. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनच्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. इतर गाड्यांवर सवय झालेला माणूस अचानक काही आडवे आले की उजवा पाय दाबतो आणि तिथे ब्रेक नसतो! शिवाय ॲमीटरचा काटा मधोमध आणून किक मारण्याची एक कलाच होती. ती चुकली तर किक उलटी बसून नडगी सुजायची. आवाजाच्या प्रेमापोटी अशी गाडी जरूर घ्या, पण दुसरी म्हणून. पहिली म्हणून नको.

दुसरी रेघ २०१९ ची. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचे झाले. घाबरून ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी ही सोय आहे. नवशिक्याला तिची गरज सर्वांत जास्त. काही गाड्यांना ती फक्त पुढच्या चाकाला असते, काहींना दोन्ही, हे विचारून घ्या. तिसरी रेघ एप्रिल २०२० ची, जेव्हा बीएस-६ चा नियम लागू झाला. त्यानंतरच्या मोठ्या गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंधन इंजेक्शन आले. थंडीत गाडी चटकन सुरू होते, पण रस्त्याकडेच्या कोणत्याही मेकॅनिकला ती दुरुस्त करता येईलच असे नाही.

भाव ठरवताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या नव्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्यांचा ४० टक्क्यांवर गेला. म्हणजे साडेतीनशेपर्यंतची जुनी गाडी विकणारा आधीच्या चढ्या किमतीचा हिशेब सांगू लागला, तर आजची नवी किंमत त्याच्यासमोर ठेवा.

थंड इंजिन, थंड डोके

पहिल्या रविवारी आम्ही एका जुन्या गाड्यांच्या दुकानात गेलो. काळी कुळकुळीत साडेतीनशे, चकाकते लेगगार्ड, रुंद टायर आणि कानठळ्या बसवणारा सायलेन्सर. भाच्याचे डोळेच चमकले. "मामा, हीच!" दुकानदाराने एका बटणात गाडी सुरू केली. मी इंजिनजवळ हात नेला. ते गरम होते. आम्ही येण्याआधी गाडी तापवून ठेवली होती.

गाडी नेहमी थंड असताना सुरू करून पाहावी. सुरू करायला त्रास होतो का, आत खडखड आहे का, धूर कसा येतो, हे सगळे थंड इंजिनच सांगते. निळसर धूर म्हणजे गाडी ऑइल जाळते आहे, बोअर-पिस्टनचा खर्च जवळ आला आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोलचे प्रमाण बिघडले आहे. ते सहसा स्वस्तात सुधारते.

नंतर गाडीच्या मागे चार पावलांवर उकिडवे बसून पाहा. दोन्ही चाके एका रेषेत दिसायला हवीत. पुढचे चाक अधांतरी करून हँडल सावकाश दोन्हीकडे फिरवा. मधोमध खाचेत अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट गेला. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या नळ्यांवर तेलाचे कडे दिसले तर सील गेले. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन बोटाने मागे ओढा. ती दात सोडून वर येत असेल तर चेन-स्प्रॉकेट बदलायला आले. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायरवर नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचे रबर टणक झालेले असते.

मीटरवरचा आकडा शेवटी पाहा. बारा हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे फूटरेस्टचे रबर गुळगुळीत कसे होईल? हँडलच्या मुठी, सीट, ब्रेकचे पेडल यांना खोटे बोलता येत नाही. आणि पावसाच्या पुरात बुडालेल्या गाड्याही बाजारात येतात. सीटखाली, स्विचच्या फटीत वाळलेला गाळ आणि नको तिथे गंज दिसला की नमस्कार करून निघावे.

त्या काळ्या गाडीच्या हँडलखालच्या मानेजवळ नवा रंग फासलेला होता आणि ब्रेकच्या लिव्हरचे टोक घासलेले. पुढून जोरात आपटल्याची ही लक्षणे. सायलेन्सरबद्दल विचारले तर दुकानदार हसला, "साहेब, पोरांना हाच आवाज लागतो." अशा सायलेन्सरना दंड तर आहेच, अनेक शहरांत पोलिसांनी ते जप्त करून रोडरोलरखाली चिरडले आहेत. मूळ सायलेन्सर कुठे आहे, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. नंबर परराज्यातला होता आणि आर.सी.वर वित्तसंस्थेचा बोजा अजून चढलेला होता.

मी म्हटले, "आता घरी जाऊ." भाचा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

कागद आधी, पैसे नंतर

तो अबोला मी सहन केला, कारण कागदांकडे दुर्लक्ष केल्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. खूप वर्षांपूर्वी माझी जुनी मोटारसायकल मी एका ओळखीच्या माणसाला विकली. रोख पैसे घेतले, कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या आणि 'नावावर करून घे हं' एवढे सांगून मोकळा झालो. दीड वर्षाने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस माझ्या दारात आली. ती गाडी त्याने पुढे तिसऱ्याला विकली होती, तिने एकाला धडक दिली होती, विमा संपलेला होता आणि कागदोपत्री मालक अजूनही मीच होतो! त्यातून सुटायला किती हेलपाटे पडले, ते मलाच ठाऊक. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले, की नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईच्या जबाबदारीपुरता मालक तोच. मग गाडी मधल्या काळात किती हातांतून गेली, याला अर्थ नाही.

म्हणून विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही हे पाळावे:

• आर.सी.वरचा चॅसिस आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरशी स्वतः ताडून पाहा. विकणारा आर.सी.वरचा मालकच आहे ना, त्याचे ओळखपत्र पाहा.

• परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीच्या नंबरावरून नोंदणी, विमा, पीयूसी आणि थकलेली चलने तपासता येतात. चलने आधीच्या मालकाने भरल्याशिवाय व्यवहार करू नका.

• गाडी कर्जावर घेतलेली असेल तर कर्ज देणाऱ्याचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा.

• हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३०. एकाच राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे, घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करण्याचा अर्ज द्यायचा. कोऱ्या फॉर्मवर सही कधीही नको.

• परराज्यातल्या गाडीला तिथल्या आर.टी.ओ.चे ना हरकत प्रमाणपत्र लागते. ती बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर नवी नोंदणी आणि इथला कर आला. स्वस्त वाटलेली गाडी इथेच महाग पडते.

• विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही.

• नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. जुन्या गाडीत ही तारीख आधी पाहा.

शेवटी कोणती घेतली?

तिसऱ्या रविवारी नोकरीसाठी बंगळूरला निघालेल्या एका तरुणीची २०१९ सालची गाडी पाहिली. राखाडी रंग, काहीसा निस्तेज. लेगगार्डवर ओरखडा. आम्ही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "पार्किंगमध्ये स्टँडवरून पडली होती. मला एकटीला उचलता आली नाही, वॉचमनला बोलावलं." इंजिन थंड होते. तिने सर्व्हिसिंगच्या पावत्यांची फाईल पुढे केली. आमच्या मेकॅनिकने अर्धा तास गाडी पाहिली. पुढचा टायर आणि चेन-स्प्रॉकेट बदलावे लागेल, बाकी ठीक, असे त्याचे मत पडले. त्याला आम्ही दिवसाचे पैसे दिले. एवढ्या व्यवहारात तो खर्च काहीच नाही.

भाच्याने चक्कर मारली, पण माझ्या सांगण्याप्रमाणे आधी चालण्याच्या वेगाने. हळू गाडीवर तोल राहतो का, अरुंद गल्लीत वळते का, तिसऱ्या गिअरमध्ये मूठ पिळल्यावर इंजिन नुसते ओरडते की गाडीही पळते. नुसते ओरडले तर क्लच प्लेट गेल्या समजाव्यात. परत आला तेव्हा म्हणाला, "मामा, ही त्या काळीसारखी दिसत नाही. पण सरळ चालते."

घासाघीस झाली ती फक्त टायर आणि चेनच्या पैशांवरून. इसार दिला तो पावती घेऊनच. आपल्या पैशांतला सातवा-आठवा हिस्सा पहिल्याच दुरुस्तीसाठी, विम्यासाठी आणि आयएसआय शिक्क्याच्या दोन हेल्मेटसाठी राखून ठेवावा. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्याने लागते, आणि मागे बहुधा आपलेच कोणीतरी बसते.

पहिला महिना त्याने मागे कोणालाही बसवले नाही. पहाटे रिकाम्या मैदानावर ब्रेक दाबून पाहणे, इंग्रजी आठचा आकडा काढणे, असा सराव केला. एकदा गाडी आडवी झाली. तिच्याकडे पाठ करून, गुडघे वाकवून, हँडल आणि मागचा दांडा धरून पायांच्या जोरावर ती उभी करायला तो तिथेच शिकला.

परवा ताईकडे गेलो तेव्हा आर.सी. तिच्या कपाटात होती, भाच्याच्या नावाची. "बसलीस का मग मागे?" मी विचारले.

"देवळापर्यंत गेले होते," ती म्हणाली. "चाळीसच्या वर नेली नाही त्यानं. मी खांद्यावरून मीटर बघत होते ना!"