रंगभूषा उतरविण्याचा विधी : मुखलेपाच्या दृष्टीने विचार

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की सिंधुदुर्गात दशावतारी मंडळांचे खेळ जवळजवळ रोज रात्री होऊ लागतात व ते वैशाखापर्यंत चालतात. रात्री उशिरा चढविलेला रंग पहाटे उतरतो आणि पुढच्या गावी पुन्हा चढतो. या हंगामात मुखावर दाह, कंडू, पिडका, रूक्षता व काळपट डाग घेऊन जे कलावंत आमच्याकडे येतात, ते बहुधा दोष रंगाला देतात. रंगाचा दोष असतोच. परंतु विचारपूस केल्यावर असे आढळते की, पुष्कळदा इजा रंग उतरविताना झालेली असते. कोरड्या फडक्याने घासणे, कपड्यांचा साबण लावणे, चिकटविलेली मिशी ओढून काढणे ही त्याची नेहमीची कारणे होत.

आयुर्वेदाच्या दृष्टीने रंगभूषा हा एक मुखलेपच आहे. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, बाविसाव्या अध्यायात, मुखलेपाचा विधी दिला आहे. वाळलेला लेप त्वचेची कांती बिघडवितो. तो ओला करूनच काढावा व त्यानंतर अभ्यंग करावा, असा त्याचा आशय. लेप असताना अतिभाषण, क्रोध, शोक, अग्नी व ऊन वर्ज्य सांगितले आहे. सुश्रुताचार्यांनी व्रणशोथावरील आलेप रात्री लावण्यास मनाई केली आहे. आता दशावतारी कलावंत पाहा. तो रात्री रंग लावतो, दिव्यांच्या उष्णतेत तासन्‌तास संवाद म्हणतो, क्रोध आणि विलाप यांचा अभिनय करतो. पथ्याचा बहुतेक प्रत्येक नियम त्याच्या व्यवसायामुळेच मोडतो. पाळता येण्याजोगा नियम एकच उरतो, तो लेप उतरविण्याचा. म्हणून वैद्याने आपला भर तेथेच द्यावा.

उतरविण्याचा क्रम

प्रथम हात स्वच्छ धुवावेत. मिशी, दाढी किंवा टोप डिंकाने चिकटविला असेल, तर कडेने तेल मुरवून तो सैल होऊ द्यावा. स्पिरिट गमसाठी मिळणारे खास द्रावण वापरल्यास ते डोळ्यांपासून दूर ठेवावे. नंतर सुमारे एक चमचा तेल चेहऱ्यावर पसरून, न घासता, दोन-तीन मिनिटे थांबावे. तेलकट रंग तेलातच विरघळतो; पाण्याने तो केवळ पसरतो. पित्तप्रकृतीस व दाह असता खोबरेल, वातप्रकृतीस व रूक्ष त्वचेस तिळतेल योजावे. रंग सुटल्यावर ओल्या मऊ कापसाने अलगद टिपून घ्यावा. काजळासाठी कापसावर थोडे स्वच्छ तूप घेऊन मिटलेल्या पापणीवरून हलक्या हाताने फिरवावे.

उरलेले तेल मसूर डाळीच्या वस्त्रगाळ पिठाच्या पातळ कल्काने किंवा सौम्य फेसवॉशने कोमट पाण्यात धुवावे. भरड उटणे वर्ज्य समजावे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो. कपड्यांचा साबण तीव्र क्षारधर्मी असल्याने त्वचेचा स्नेह हरण करतो. मुखप्रक्षालनासाठी सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात क्षीरी वृक्षांचा कषाय, लोध्र व आमलकी सांगितली आहेत. गावोगाव फिरणाऱ्या कलावंतास आवळ्याचा गाळून निववलेला काढा त्यांतल्या त्यात सोयीचा. शेवटी चेहरा ओलसर असतानाच दोन-चार थेंब तेल लावावे. ज्यांना मुखदूषिका आहेत त्यांनी तेल चेहऱ्यावर राहू देऊ नये. त्यांना पिवळा चीक निथळून घेतलेला कोरफडीचा गर पुरेसा होतो.

औषधविक्रेत्यांसाठी

पूर्वी रंगासाठी सफेदा, हिंगूळ, हरताळ यांचा उपयोग होत असे. हिंगुळात पारद, हरताळात सोमल, तर जुन्या सफेद्यात शिसे असे. शोधनसंस्कार करून औषधात योजावयाची ही द्रव्ये रंगासाठी मागितली गेल्यास विक्रेत्याने स्पष्ट नकार द्यावा. रंगासाठी शिसे वा सोमल यांची संयुगे वापरलेली प्रसाधने कायद्यानेही निषिद्ध आहेत. सुटी पांढरी पावडर देण्याऐवजी लेबल असलेले झिंक ऑक्साइड द्यावे.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. डाग जावेत म्हणून कलावंत स्टेरॉइडयुक्त मलम मागतात. आठवड्याभरात चेहरा उजळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात व मलम थांबविताच दाह उसळतो. २०१८ साली अशी अनेक मलमे शेड्यूल एचमध्ये आणली गेली असून ती चिठ्ठीविना देता येत नाहीत.

नवा रंग घेतल्यास तो कोपराच्या आतील बाजूस आठवडाभर रोज दोनदा लावून पाहण्यास सांगावे. पापण्यांना सूज, स्राव किंवा झपाट्याने वाढणारे डाग दिसल्यास रंग तत्काळ बंद करवून रुग्णास त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

कलावंताचा चेहरा हे त्याच्या उपजीविकेचे साधन आहे. रंग सोडण्याचा सल्ला त्यास मानवणारा नाही. त्याच्या पेटीत आरशाशेजारी तेलाची बाटली, कापूस व पिठाची पुडी राहील, एवढे व्यवसायबंधूंनी हंगामापूर्वीच पाहिले, तर पुढील चिकित्सेचे प्रसंग पुष्कळ कमी होतील.