एका अक्षराची जुळी कोकरे

सिकलसेल म्हणजे काय, हे वर्धा जिल्ह्यात फारसे सांगावे लागत नाही. हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदलते आणि घरादाराचे हाल होतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने मात्र असाच एका अक्षराचा बदल मेंढपाळाच्या कामी लावला.

दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातली गॅरोल मेंढी चणीने लहान, पण जुळी-तिळी देणारी. तिच्यातल्या ‘फेक-बी’ जनुकामुळे अंडाशयातून एका वेळी जास्त अंडी सुटतात. गॅरोलशी संकर करून पुढच्या पिढ्या पुन्हा दख्खनीशी जोडल्या की अंगलोट दख्खनीची येते; जनुक तेवढे टिकायला हवे. खरी अडचण नराची. तो थोडाच विणार आहे? त्याच्या मुलींच्या वेतांची वाट पाहण्यात वर्षे जात. २००१ मध्ये या बदलाची नेमकी जागा सापडली आणि कोकराच्या थेंबभर रक्तावर निदान होऊ लागले. त्यातूनच पुढे ‘नारी सुवर्णा’ मेंढी आली.

जुळी म्हणजे निव्वळ नफा नव्हे. गाभणपणी खुराक हवा, आईला दूध पुरले पाहिजे. उन्हाळ्यात चारा नसताना तिळी झाली, तर कोकरे दगावायचीच.

मग पुलगावच्या गोठ्यातल्या गवळाऊ गाईचे दूध असे वाढेल का? एका चाचणीने नाही. दुधामागे असंख्य जनुके असतात, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. त्यासाठी हजारो गाईंच्या दुधाच्या नोंदी त्यांच्या डीएनएशी ताडून पाहाव्या लागतात. म्हणजे प्रयोगशाळेआधी वजनकाटा आणि वही.