जुन्या फियाटला पुश-बटण स्टार्ट: किल्ली जाते कुठे?

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी अवतार. ऐकताना वायरींचे नंबर डोक्यात राहत नाहीत, अशी तक्रार बरेच जण करतात. म्हणून इथे सगळं सावकाश, एकेक पायरी घेऊन मांडलंय.

आजचा विषय: जुन्या गाडीला रिमोटचं लॉक आणि बटण दाबून स्टार्ट. गाडी आहे माझ्या आजोबांची, साताऱ्यातली, १९७३ ची प्रीमियर प्रेसिडेंट. नाव ओळखीचं वाटत नसेल तर सांगतो. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्स फियाट ११०० बनवायची. १९६४ पासून ती 'डिलाइट', मग थोडी वर्षं 'प्रेसिडेंट', आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून आपण सगळ्यांनी पाहिलेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झालेली, तीच ही गाडी.

आजोबांचं वय ७८. बोटांना संधिवात. गाडी ते आजही रोज बाजारापर्यंत चालवतात, डॉक्टरांचीही हरकत नाही. पण दाराची किल्ली आणि स्टार्टरची किल्ली पिरगळताना अंगठा दुखतो. ते एवढंच म्हणाले, "गाडी विकायची नाही. किल्लीचं काय ते बघ." म्हणजे हा शायनिंगचा प्रोजेक्ट नाही. हे चुकलं तर एक म्हातारा माणूस भर रस्त्यात अडकतो, हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आधी दारं

सेंट्रल लॉकिंगचं किट म्हणजे काय? प्रत्येक दारात एक छोटी मोटर, जिला बाजारात 'गन' म्हणतात. ती दाराच्या आतली लॉकची सळई वर-खाली ढकलते. ड्रायव्हरच्या दाराची गन पाच वायरींची असते, बाकीच्या दोन वायरींच्या. दोन वायरींना सुलटा करंट दिला की लॉक, उलटा दिला की अनलॉक. पाचवाल्या गनमध्ये आत एक स्विचही असतो. त्यामुळे ड्रायव्हरचं दार हाताने उघडलं तरी बाकीची दारं सोबत उघडतात.

जुन्या गाडीत खरा प्रश्न विजेचा नसतो, सळईचा असतो. पन्नास वर्षांचं ग्रीस वाळून दगड झालेलं असतं आणि गनमध्ये तेवढी ताकद नसते. आधी लॉक साफ करा, तेल द्या, बोटाने सळई सहज हलते का बघा. हलली तरच गन बसवा.

आता रिमोट. बहुतेक रिमोट ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतात. स्वस्त किटमध्ये कोड कायम तोच असतो, म्हणजे कोणी एकदा रेकॉर्ड करून परत वाजवला की दार उघडलं. म्हणून 'रोलिंग कोड' मागा. त्यात प्रत्येक दाबण्याला नवा कोड जातो आणि जुना कोड गाडी नाकारते. तोही अभेद्य नाही. २०१५ मध्ये सॅमी कामकार या संशोधकाने दाखवलं, की सिग्नल जॅम करून न वापरलेला कोड चोरता येतो. पण कायम कोडपेक्षा तो कितीतरी बरा.

तिसरा प्रकार म्हणजे खिशात रिमोट ठेवून जवळ गेलं की आपोआप उघडणारी गाडी. गाडी कमी फ्रिक्वेन्सीवर, साधारण १२५ किलोहर्ट्झवर, हाक मारते आणि रिमोट ओ देतो. चोर दोन यंत्रं वापरून ही हाक घरातल्या रिमोटपर्यंत पोचवू शकतात. आजोबांचा रिमोट दाराशेजारच्या खुंटीवर लटकतो आणि गाडी अंगणात असते. म्हणून हा प्रकार आम्ही घेतलाच नाही. मोठ्या बटणाचा साधा रोलिंग कोडचा रिमोट घेतला. बटण दाबायला अंगठा पिरगळावा लागत नाही, काम झालं.

किल्ली नेमकं काय करते?

आमच्या गाडीतला स्विच मधे कधीतरी बदललेला आहे. त्यात किल्ली पहिल्या टप्प्यावर इग्निशन चालू करते, दुसऱ्या टप्प्यावर स्टार्टर फिरवते. पुश-बटणाचं मोड्यूल हेच दोन टप्पे रिलेने करतं. रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या पायांवर नंबर असतात: ८५ आणि ८६ म्हणजे आतलं कॉइल, ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी वायर, ८७ म्हणजे पुढे जाणारी.

इथे तीन नियम पाळा. एक, ३० नंबरच्या वायरवर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. दोन, स्टार्टरच्या सोलेनॉइडसाठी वेगळा, दणकट रिले. सोलेनॉइड ओढताना क्षणभर बराच करंट खातं आणि मोड्यूलच्या आतला चिमुकला रिले चिकटू शकतो. चिकटला तर बटण सोडलं तरी स्टार्टर फिरतच राहतो. तीन, बॅटरीची कोणती बाजू बॉडीला जोडली आहे ते मीटरने तपासा. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला असते. तिथे हे किट सरळ जोडलं तर जळेल.

गाडीला स्टीअरिंग लॉक असेल तर अजून एक गोष्ट. किल्ली काढल्यावर स्टीअरिंग अडकतं आणि बटणाला ते कळत नाही. चालत्या गाडीत लॉक पडणं म्हणजे थेट अपघात. अशा गाडीत ते लॉक जाणकार मेकॅनिककडून निकामी केल्याशिवाय पुढे जायचं नाही. आमच्या गाडीला हे लॉक नाही.

नव्या गाडीला जे कळतं, ते जुनीला कळत नाही

माझा रोजचा धंदा सॉफ्टवेअरचा, त्यामुळे मला हा भाग सगळ्यात आवडला. नव्या गाडीत बटणामागच्या कॉम्प्युटरला सगळं माहीत असतं: इंजिन चालू आहे का, गाडी किती वेगात आहे, क्लच दाबलाय का. आपल्या फियाटचा स्पीडोमीटर केबलवर चालतो, पेट्रोल कार्ब्युरेटरमधून जातं. बटणाला ती काहीच सांगत नाही. म्हणजे ही माहिती आपण पुरवायची.

*गिअर.* फियाटचा गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर. नुसतं बघून न्यूट्रल आहे की नाही हे पटकन कळत नाही. गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरला तर गाडी उडी मारते आणि समोर कोणी उभं असेल तर संपलं. उपाय असा: क्लच पेडलला छोटा मायक्रोस्विच लावा आणि स्टार्टर रिलेच्या कॉइलची अर्थ वायर त्यातूनच न्या. मोड्यूलमध्ये कितीही बग असू दे, क्लच दाबल्याशिवाय स्टार्टरला करंट मिळणारच नाही. सुरक्षेची शेवटची पायरी कोडमध्ये ठेवायची नाही, तारेत ठेवायची.

*इंजिन चालू आहे का?* चार्जिंगचा लाल दिवा आठवा. इग्निशन ऑन आणि इंजिन बंद असताना तो पेटतो, कारण अल्टरनेटरकडच्या टोकाला व्होल्टेज जवळपास नसतं. इंजिन सुरू झालं की त्या टोकाला बॅटरीएवढं व्होल्टेज येतं आणि दिवा विझतो. तीच वायर मोड्यूलला दिली की त्याला कळतं, इंजिन चालू आहे, आता स्टार्टर फिरवायचा नाही. नाहीतर फिरत्या फ्लायव्हीलवर स्टार्टरचे दात घासतात.

*किती वेळ फिरवायचं?* इंजेक्शनच्या गाडीला एक टिचकी पुरते. कार्ब्युरेटरवाली थंडीत चोक ओढून, कधी दोन-तीन प्रयत्नांत सुरू होते. म्हणून टिचकीचा मोड बंद ठेवा. दाबून धरलं तेवढाच वेळ स्टार्टर, सोडलं की थांबला.

*बंद कसं करायचं?* चालवताना बटणाला चुकून हात लागू शकतो. म्हणून इंजिन चालू असताना दोन सेकंद दाबून धरल्यावरच बंद. आणि रिमोटचा सिग्नल गेला म्हणून चालतं इंजिन कधीही बंद पडता कामा नये. किट घेताना दुकानदाराला हे विचाराच.

*विसरलं तर?* किल्ली लटकलेली दिसते, बटण दिसत नाही. इग्निशन चालू आणि इंजिन बंद राहिलं आणि पॉइंट मिटलेले असले, तर तीन ओहमच्या कॉइलमधून १२ व्होल्टला ४ अँपिअर वाहत राहतात. बॅटरी उतरते आणि कॉइल तापते. म्हणून टायमर: पाच मिनिटांत इंजिन सुरू नाही झालं तर इग्निशन आपोआप बंद.

मोड्यूलच मेलं तर?

समजा खंबाटकी घाटात मोड्यूल हँग झालं. रिले सुटला, कॉइलचा करंट गेला, इंजिन बंद. या प्रश्नावर वायरमनकाका आणि मी एक अख्खी दुपार घालवली. उत्तर साधं निघालं: जुना किल्लीचा स्विच काढायचाच नाही. तो नव्या रिलेला समांतर जोडून ठेवायचा. लांबच्या प्रवासात किल्ली 'ऑन'वर ठेवली की मोड्यूल मेलं तरी कॉइलला करंट मिळतो. तोटा एवढाच, की तेव्हा बटणाने इंजिन बंद होत नाही, किल्लीनेच करावं लागतं. हा तोटा आम्ही आनंदाने घेतला. ड्रायव्हरच्या दाराचं किल्लीचं भोकही तसंच ठेवलंय. बॅटरी उतरली की रिमोट म्हणजे नुसतं प्लास्टिक.

बॅटरीवरून आठवलं. मोड्यूल सतत जागं असतं आणि थोडा करंट खातं. समजा ३० मिलिअँपिअर. दिवसाला ०.७२ अँपिअर-तास होतात. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी साधारण २४ दिवसांत अर्धी. रोज चालणाऱ्या गाडीला फरक पडत नाही. पण महिनाभर झाकून ठेवणार असाल तर बॅटरीला कट-ऑफ स्विच हवाच.

चोरी आणि आरटीओ

पुश-बटणाने जुनी गाडी सुरक्षित होते, हा गैरसमज आहे. बॉनेट उघडून बॅटरीपासून कॉइलपर्यंत एक वायर टाकली की इग्निशन चालू. नव्या गाडीसारखा इमोबिलायझर इथे नाही. त्यामुळे एक लपवलेला कट-ऑफ आणि दिसणारं स्टीअरिंगचं दणकट कुलूप, दोन्ही ठेवा.

कायद्याचंही बघा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद करता येते, पण ती मूळ रूपात असली पाहिजे. आजोबांची गाडी त्या वयात बसते. म्हणून आम्ही डॅशबोर्डला एकही भोक पाडलं नाही, मूळ वायरिंग कापलं नाही, सगळं कनेक्टरने जोडलं आणि बटण डॅशखालच्या पट्टीवर बसवलं. उद्या काढायचं ठरलं तर एका दुपारी गाडी होती तशी. इन्शुरन्स कंपनीलाही लेखी कळवून ठेवा. क्लेमच्या वेळी वाद नको.

थोडक्यात, किट विकत घेण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारा. मोड्यूल मेलं तर गाडी चालेल का? क्लच न दाबता स्टार्टर फिरेल का? आणि हे सगळं काढून गाडी पूर्ववत होईल का? उत्तरं हो, नाही, हो अशी आली तरच पैसे द्या.

तुमच्या घरी अशी जुनी गाडी असेल तर तिच्या वायरिंगचा फोटो नक्की पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये डायनामो काढून अल्टरनेटर बसवण्याबद्दल बोलू. तोवर, क्लच दाबूनच बटण दाबा!