रंगीत कोलियस : पूर्व विदर्भाच्या हवामानातील जोपासना व महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांतील उपयोग

प्रस्तावना

कोणत्याही महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागासमोरील कुंड्यांमध्ये जी थोडी झाडे हमखास आढळतात त्यांत कोलियसचा क्रमांक बराच वरचा लागतो. किरमिजी, जांभळी, पिवळसर हिरवी, गुलाबी शिरांची अशी नानाविध पाने, चौकोनी रसाळ खोड आणि फांदी मातीत खोचताच मूळ धरण्याचा गुण यांमुळे हे झाड सर्वांना प्रिय आहे. मात्र रामटेक, नागपूर व एकूणच पूर्व विदर्भात त्याची एक ठराविक कहाणी दिसून येते. जुलैमध्ये आणलेली रोपे दिवाळीपर्यंत बहरतात, संक्रांतीच्या सुमारास मलूल होतात आणि मे महिन्याच्या सुटीत करपून जातात. नवे सत्र सुरू झाले की रोपवाटिकेतून पुन्हा नवी रोपे येतात. यात खर्च फार नाही. परंतु दरवर्षी वाण बदलत गेल्याने त्यावर आधारलेली प्रात्यक्षिके एकसारखी होत नाहीत आणि एखादा चांगला वाण एकदा हातचा गेला की तो बहुधा पुन्हा मिळत नाही. तो का मिळत नाही, हे समजण्यासाठी त्या पानांतील रंगाचे स्वरूप समजून घ्यावे लागते. प्रस्तुत लेखात कोलियसचे नाव, रंग, अध्यापनातील उपयोग आणि येथील हवेत ते वर्षभर टिकविण्याची पद्धत यांचे विवेचन केले आहे.

नाव आणि नातलग

कोलियस हे तुळशीच्या कुळातील, म्हणजे लॅमिएसी कुळातील झाड आहे. चौकोनी खोड, समोरासमोर येणारी व प्रत्येक पेरावर काटकोनात वळलेली पानांची जोडी, द्वयोष्ठी फुलांच्या मंजिऱ्या ही कुळलक्षणे त्यात स्पष्ट दिसतात. लिनियसने १७६३ मध्ये या झाडाला चक्क तुळशीच्याच प्रजातीत, ऑसिमममध्ये, बसविले होते. पुढे १७९० मध्ये लौरेरो यांनी कोलियस ही प्रजाती प्रस्थापित केली. 'कोलिऑस' या ग्रीक शब्दाचा अर्थ म्यान असा आहे; फुलातील पुंकेसरांचे तंतू तळाशी जुळून कुक्षिवृंताभोवती म्यानासारखी नळी करतात, त्यावरून हे नाव पडले. त्यानंतर रॉबर्ट ब्राऊन यांनी १८१० मध्ये या जातीला प्लेक्ट्रँथसमध्ये, बेंथम यांनी १८३० मध्ये कोलियसमध्ये आणि कॉड यांनी १९७५ मध्ये सोलेनोस्टेमॉनमध्ये ठेवले. आपल्या अनेक प्रात्यक्षिक-पुस्तिकांत 'कोलियस ब्लूमी' हे नाव अजून छापले जाते, तर काही ठिकाणी शेजारशेजारच्या दोन कुंड्यांवर एकाच झाडाची दोन नावे लावलेली असतात. २०१९ मध्ये जनुकीय अभ्यासाच्या आधारे कोलियस ही प्रजाती पुन्हा स्वतंत्र मानण्यात आली आणि आज 'कोलियस स्कुटेलारिऑयडिस' हे नाव ग्राह्य धरले जाते. विभागातील पाट्या त्याप्रमाणे बदलून घ्याव्यात, जुनी नावे समानार्थी म्हणून खाली लिहावीत. विद्यार्थ्यांना वर्गीकरणशास्त्र हे जिवंत शास्त्र आहे, हे सांगण्यास याहून सोपे उदाहरण क्वचितच मिळेल.

याच प्रजातीतील पानओवा, म्हणजे कोलियस अँबोइनिकस, आपल्या घराघरांत असतो आणि त्याच्या पानांची भजी सर्वांच्या परिचयाची आहे. तिसरा नातलग कोलियस बार्बेटस, ज्यास व्यापारात कोलियस फोर्सकोली किंवा पाथरचूर म्हणतात. गुजरातेत त्याच्या मुळांचे 'गरमर' या नावाने लोणचे घालतात. या मुळांतील फोर्सकोलिन हा घटक मुंबईच्या मुलुंड येथील हेक्स्ट संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी वेगळा केला व १९७७ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेनेही त्याच सुमारास या झाडावर काम करून 'कोलिओनॉल' हा घटक वर्णिला होता. १९८१ मध्ये अमेरिकेतील सीमन, पॅजेट व डेली यांनी हा पदार्थ पेशीतील अॅडेनिलेट सायक्लेज हे विकर थेट कार्यान्वित करतो असे दाखविले. तेव्हापासून जगभरातील शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळांत तो नित्य वापरला जातो. महाराष्ट्रातील प्रयोगशाळेतून निघालेल्या या शोधाचा उल्लेख आपल्या अभ्यासक्रमात अभावानेच होतो, याचे आश्चर्य वाटते.

येथे एक सूचना आवश्यक वाटते. कोलियस औषधी आहे, असे ऐकून कुंडीतील रंगीत कोलियसची पाने खाण्याचा किंवा काढा करण्याचा विचार कोणी करू नये. फोर्सकोलिनच्या शोधासाठी कोलियसच्या इतर जाती तपासल्या असता त्यांत तो आढळला नव्हता. 'पाषाणभेद' या नावाखाली तर देशाच्या निरनिराळ्या भागांत परस्परांशी संबंध नसलेल्या वनस्पती विकल्या जातात. नावावरून औषध ठरविण्याची सवय घातक आहे, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे अगत्याचे आहे.

पानातील रंगांची घडण

कोलियसच्या पानात तीन प्रकारची रंगद्रव्ये असतात. हरितलवकांतील हरितद्रव्य व पिवळी कॅरोटिनॉइड्स ही पानाच्या आतील ऊतीत, तर तांबडा-जांभळा अँथोसायनिन मुख्यतः अपित्वचेतील पेशींच्या रिक्तिकांत विरघळलेला असतो. हिरव्या थरावर तांबडा थर आला की पान गडद किरमिजी दिसते; खाली हरितद्रव्य नसेल तर तोच तांबडा रंग गुलाबी दिसतो.

या रंगांची नक्षी अनेक वाणांत बीजातून जशीच्या तशी उतरत नाही. शेंड्याच्या विभाजी ऊतीत पेशींचे थर असतात. त्यांपैकी एखाद्या थरात उत्परिवर्तन झाले की त्या थरातून बनणारा पानाचा भाग वेगळ्या रंगाचा होतो. अशा मिश्र घडणीच्या झाडास कायमेरा म्हणतात. शेंड्याचे छाट कलम केले तर सर्व थर एकत्र पुढे जातात आणि नक्षी टिकते. बी मात्र बहुधा एकाच थरातून तयार होते, शिवाय परपरागाचा संकर होतो, म्हणून रोपे नाना रंगांची निघतात. जावामधून युरोपात गेलेल्या कोलियसचे संकर करून १८६८ मध्ये लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने नव्या वाणांचा लिलाव केला होता. त्या वेडाच्या काळापासून आजपर्यंत उत्तम वाण छाट कलमानेच राखले गेले आहेत. हातचा वाण गमावल्यास तो परत न मिळण्याचे कारण हेच आहे. कधीकधी रंगीत झाडावर एखादी फांदी एकरंगी, जोमदार हिरवी फुटते. ती वेळीच तळापासून कापावी. अन्यथा अधिक हरितद्रव्यामुळे ती वेगाने वाढून संपूर्ण झाड व्यापते.

प्रात्यक्षिकांतील उपयोग

प्रकाशसंश्लेषणासाठी हरितद्रव्य आवश्यक असते, हा प्रयोग आपण सारे जण शिकवितो. परंतु 'तांबडे पान अन्न तयार करते काय?' असे विचारल्यास बहुसंख्य विद्यार्थी 'नाही' असे उत्तर देतात. दुपारी तोडलेले तांबडे, हिरवे व पांढरे भाग असलेले पान घ्यावे. प्रथम त्याची नक्षी कागदावर काळजीपूर्वक काढून घ्यावी, कारण पुढे ती उरणार नाही. पान उकळत्या पाण्यात टाकताच अँथोसायनिन पाण्यात उतरतो आणि तांबडा भाग वर्गासमोर हिरवा होतो. वर्गातील कुजबूज थांबते ती या क्षणी. नंतर जलकुंडावर, कदापि थेट ज्योतीवर नव्हे, अल्कोहोलमध्ये हरितद्रव्य काढून आयोडिन टाकले असता तांबड्या-हिरव्या भागात निळा-काळा रंग येतो व पांढऱ्या भागात येत नाही. मूळ रेखाटनाशी ताडून पाहण्यातच या प्रयोगाचे सार आहे. उरलेल्या तांबड्या पाण्यात लिंबू व खाण्याचा सोडा वेगवेगळे टाकून आम्लता निर्देशकाचा प्रयोग रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनाही करता येतो.

दुसरा प्रयोग पर्णपतनाचा. समोरासमोरच्या दोन पानांपैकी एकाचे पाते कापून देठ तसाच ठेवावा. काही दिवसांत तो देठ गळून पडतो, समोरचे पान मात्र टिकते. पात्याऐवजी देठाच्या टोकावर लॅनोलिनमधून इंडोल अॅसेटिक आम्ल लावल्यास गळण लांबते. पाते हा ऑक्झिनचा स्रोत आहे, हे एवढ्यावरून उमगते. विल्यम जेकब्ज यांनी १९५२ मध्ये खोडाच्या जखमेभोवती जलवाहिन्या पुन्हा जुळण्यात ऑक्झिनची भूमिका कोलियसवरच दाखविली होती. प्ररोहाग्राच्या उभ्या छेदाची कायमस्वरूपी काचपट्टीही बहुधा कोलियसचीच असते. ज्या महाविद्यालयांकडे उपकरणांसाठी निधी तुटपुंजा आहे त्यांच्यासाठी चार कुंड्यांचे हे मोल लहान नाही.

रामटेकच्या हवेत वर्षभर जोपासना

कोलियस मुळात दमट, विरळ सावलीच्या उष्ण प्रदेशातील झाड. रामटेकला पाऊस हजार मिलिमीटरहून अधिक पडतो, पण तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो व हवा अत्यंत कोरडी होते. तेव्हा उष्णतेइतकाच, किंबहुना अधिक, कोरडा वारा हा खरा शत्रू होय. या बाबतीत येथील पानमळ्यांकडून शिकण्यासारखे आहे. रामटेकचे कपुरी पान एकेकाळी नागपूर प्रांतात नावाजलेले होते. बारई मंडळींनी कोवळ्या पानवेलीला शेवरी-पांगाऱ्याची सावली, बाजूने वाऱ्याला आडोसा आणि थोडे थोडे परंतु वारंवार पाणी या तीन गोष्टींवर याच हवेत जगविले. कोलियसची गरज तंतोतंत हीच आहे.

माती भुसभुशीत हवी. निव्वळ काळी माती कुंडीत भरल्यास पावसाळ्यात ती पाणी धरून मुळे कुजविते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत व एक भाग कन्हानची जाड वाळू हे मिश्रण योग्य ठरते. युरियाचा मोह टाळावा. नत्र अधिक झाल्यास झाड माजते, पाने मोठी व हिरवी होतात आणि रंग फिका पडतो.

छाट कलमास सर्वोत्तम काळ मृग बरसल्यानंतरचा. आषाढातील ढगाळ हवेत फांदी लावली तर ती न लागणे हेच विशेष. ज्या गावात मेघदूताचे स्मरण त्या महिन्यात हटकून होते, तेथे हा मुहूर्त लक्षात ठेवणे कठीण नाही. फुलावर न आलेल्या फांदीचा ८ ते १० सेंटिमीटरचा शेंडा पेराच्या लगेच खाली धारदार पात्याने कापावा, खालची पाने काढावीत आणि ओल्या वाळूत किंवा काचेच्या पेल्यातील पाण्यात ठेवावा. आठ-दहा दिवसांत मुळे दिसतात. पाण्यातील मुळे दोन-तीन सेंटिमीटरची झाली की मातीत लावावीत. फार लांबल्यास ती मातीत रुळत नाहीत. बियांपासून रोपे करावयाची असल्यास बी अतिशय बारीक असते व त्यास उगवणीसाठी प्रकाश लागतो, म्हणून वर माती न टाकता केवळ दाबून बसवावे.

रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा. अग्रकळीचे प्राबल्य जाऊन बगलेतील कळ्या फुटतात आणि झाड डेरेदार होते. दिवस लहान होऊ लागले की बहुतेक वाणांना मंजिऱ्या येतात. आपल्या घरी तुळशीच्या मंजिऱ्या खुडण्याची जी रीत आहे, तीच येथे लागू करावी. अन्यथा झाडाची शक्ती फुलांत जाऊन पाने बारीक होतात. सकाळचे कोवळे ऊन नऊ-दहा वाजेपर्यंत मिळावे, पुढे सावली असावी. अगदी अंधाऱ्या व्हरांड्यात रंग हिरवटतो, तर ऑक्टोबरच्या कडक उन्हात तो उडून पाने करपतात.

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास आल्यास वाढ थांबते व खालची पाने गळतात. झाड मेले असे समजून पाणी वाढविण्याची चूक या काळात सर्रास होते आणि थंडीने नव्हे, तर मूळकुजीने झाड जाते. पाणी कमी करून कुंड्या दक्षिणेकडील भिंतीलगत हलवाव्यात. कीडींपैकी पिठ्या ढेकूण विशेष त्रासदायक. तो पेरांच्या बेचक्यात कापसासारखा दिसतो. स्पिरिटात बुडविलेल्या बोळ्याने पुसून ५ टक्के निंबोळी अर्क फवारल्यास आटोक्यात येतो. उन्हाळ्यात लाल कोळी येतो, त्यावर पानांच्या खालच्या बाजूस पाण्याचा फवारा पुरेसा होतो.

प्रश्न उरतो तो एप्रिल-मेचा. परीक्षा, उत्तरपत्रिकांचे मूल्यमापन आणि सुटी यांच्या गर्दीत कुंड्यांना कोणी वाली नसतो. मार्चअखेर जुन्या, काष्ठमय झालेल्या झाडांचे शेंडे काढून प्रत्येक वाणाची निदान चार छाट कलमे करावीत. त्यांपैकी दोन सुटीत गावातच राहणाऱ्या शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या घरी पेल्यात किंवा छोट्या कुंडीत द्यावीत. प्रत्येक कलमावर वाणाचा क्रमांक व दिनांक असलेली पट्टी असावी आणि विभागाच्या नोंदवहीत ते कोणाकडे आहे, याची नोंद ठेवावी. उरलेली कलमे इमारतीच्या उत्तर बाजूस, ५० टक्के सावलीच्या हिरव्या जाळीखाली, मातीच्या कुंड्यांत ठेवावीत. लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधली जागा ओल्या वाळूने भरल्यास माठाच्या तत्त्वाने मुळे थंड राहतात. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्याने पानांभोवतीची हवा दमट राहते. भर दुपारी पाने माना टाकतात, तेव्हा लगेच पाणी घालू नये. बोट खुपसून माती ओली लागली तर ती उन्हाची ग्लानी समजावी, संध्याकाळी झाड आपोआप सावरते. कूलरच्या टाकीतील उरलेले पाणी कुंड्यांना घालण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ते टाळावे, कारण बाष्पीभवनाने त्यात क्षार साचलेले असतात व पानांच्या कडा जळतात. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात घरोघरी गेलेली कलमे नोंदवहीप्रमाणे परत मागवावीत आणि त्यांचेच शेंडे नव्या सत्राच्या विद्यार्थ्यांकडून पहिल्या प्रात्यक्षिकात लावून घ्यावेत.